निद्राविकार व बोधनिक ऱ्हास, हिस्पॅनिक वृद्धांतील

वार्धक्यात झोपेची वेळ, प्रमाण वा गुणवत्ता यांत होणारे बिघाड आणि स्मरण, अवधान, भाषा, विचार व निर्णय या बोधनिक क्षमतांची वयाच्या मानाने अधिक होणारी घट यांचा परस्परसंबंध हा विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वैद्यकात अभ्यासाचा एक महत्त्वाचा विषय झाला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्पॅनिश भाषिक परंपरेच्या, म्हणजे हिस्पॅनिक अथवा लॅटिनो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, समाजातील वृद्धांच्या बाबतीत या संबंधाला विशेष महत्त्व प्राप्त झाले. या समाजात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण श्वेतवर्णीय वृद्धांच्या सुमारे दीडपट असल्याचा अंदाज सामान्यतः दिला जातो. ज्यांच्यावर उपाय करता येतो असे अनेक निद्राविकार मात्र याच समाजात निदानावाचून राहून जातात. ‘म्हातारपणी झोप कमी होते व विसरायला होते’ या समजुतीखाली दोन्ही तक्रारी एकत्र गुंडाळल्या जातात आणि त्यांपैकी बरी होऊ शकणारी तक्रारही त्यातच हरवते.

हिस्पॅनिक हे एका वंशाचे नाव नव्हे. अमेरिकेच्या काँग्रेसने १९७६ मध्ये स्पॅनिश मूळ असलेल्या नागरिकांची स्वतंत्र आकडेवारी गोळा करण्याविषयी कायदा केला. पुढील वर्षी संघशासनाने त्यासाठी व्याख्या ठरविली आणि १९८० च्या जनगणनेत हा प्रश्न सर्व लोकांना विचारला गेला. २०२० च्या जनगणनेत या लोकांची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८·७ टक्के भरली. त्यांत निम्म्याहून अधिक लोक मेक्सिकन मुळाचे आहेत; बाकीचे प्वेर्त रीको, क्यूबा, डोमिनिकन प्रजासत्ताक, मध्य व दक्षिण अमेरिका येथून आलेले आहेत. यूरोपीय, आफ्रिकी व मूळ अमेरिकन अशा तिन्ही रक्तांचे मिश्रण त्यांच्यात कमीअधिक प्रमाणात आढळते. त्यांचा इतिहासही एकसारखा नाही. प्वेर्त रीकोच्या रहिवाशांना १९१७ मध्येच अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले होते. १९५९ च्या क्रांतीनंतर आलेल्या क्यूबनांच्या पहिल्या लाटेत व्यावसायिक व सुशिक्षित वर्ग मोठा होता. तर मेक्सिकनांपैकी लाखो पुरुष १९४२ ते १९६४ या काळात चाललेल्या ‘ब्रासेरो’ या करारी मजूर योजनेखाली शेतात राबण्यासाठी आले. अशा भिन्न आयुष्यांच्या वृद्धांना एका मथळ्याखाली मोजताना सरासरीचा आकडा बहुधा कोणाचाच नसतो, हे पुढील विवेचनात ध्यानात ठेवावे लागते.

वार्धक्यातील झोप : निद्रा ही केवळ निष्क्रिय विश्रांती नसून तिच्या निरनिराळ्या अवस्था ठराविक क्रमाने येत असतात, हे मेंदूच्या विद्युत् आलेखनामुळे स्पष्ट झाले. हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा पहिला असा आलेख घेतला, तर १९५३ मध्ये शिकागो येथे यूजीन ॲसेरिन्स्की व नेथॅनिएल क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची निद्रावस्था वर्णिली. स्वप्ने मुख्यत्वे या अवस्थेत पडतात. तिच्याखेरीज असलेल्या झोपेतील सर्वांत गाढ भागात मेंदूच्या विद्युत् लहरी मंद व मोठ्या होतात. या भागास मंदलहर निद्रा म्हणतात. सुमारे ९० मिनिटांचे असे एक चक्र रात्रीतून चार-पाच वेळा फिरते.

मध्यम वयापासूनच मंदलहर निद्रा घटू लागते. वृद्धाची झोप हलकी होते, रात्रीतून अनेकदा मोडते आणि शरीरातील दैनिक घड्याळ पुढे सरकल्याने तो संध्याकाळी लवकर पेंगतो व पहाटेच जागा होतो. इतपत बदल हा विकार नव्हे. मूत्रासाठी उठावे लागणे, सांधेदुखी, हृदयविकार, खिन्नता आणि नित्याची औषधे यांनी झोप मोडते, तेव्हा दोष वयाकडे नसून त्या त्या व्याधीकडे असतो. दुपारच्या झोपेचाही येथे उल्लेख करावयास हवा. ‘सिएस्ता’ हा स्पॅनिश शब्द सहावा तास या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असून मराठीतील वामकुक्षीशी त्याचे नाते सहज लक्षात येते. थोडा वेळ घेतलेली अशी झोप निरुपद्रवी असते. परंतु पूर्वी सवय नसलेल्या वृद्धाला दिवसा वारंवार व दीर्घकाळ झोप येऊ लागली, तर ती रात्रीच्या बिघडलेल्या झोपेची अथवा मेंदूतील आरंभीच्या विकृतीची खूण असू शकते.

निद्रा-श्वासरोध : झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग वारंवार मिटणे हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा विकार होय. श्वास किमान १० सेकंद थांबतो किंवा फार उथळ होतो, रक्तातील ऑक्सिजन घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो व घोरण्याच्या मोठ्या आवाजाबरोबर श्वास पुन्हा सुरू होतो. रोग्याला यांपैकी काहीही आठवत नाही. सकाळी जड डोके आणि दिवसा पेंग एवढेच त्याच्या वाट्याला येते. तासाला अशा किती घटना घडतात यावरून विकाराची तीव्रता ठरवितात : ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम व त्यापुढे तीव्र. स्थूलता, आखूड व जाड मान, वाढते वय ही त्याची प्रमुख कारणे असून उच्च रक्तदाब व मधुमेह यांच्याशी त्याची नेहमीची सोबत असते.

हिस्पॅनिकांमध्ये या विकाराचे मोजमाप प्रथम मोठ्या प्रमाणावर झाले ते ‘हिस्पॅनिक कम्युनिटी हेल्थ स्टडी’ या पाहणीत. २००८ ते २०११ या काळात न्यूयॉर्कमधील ब्राँक्स, शिकागो, मायामी व सॅन डिएगो येथील १८ ते ७४ वर्षे वयाच्या १६,४१५ व्यक्तींची तीत नोंद झाली. त्यांपैकी बहुसंख्यांना कपाळावर बांधावयाचे एक लहान उपकरण एका रात्रीसाठी घरी देण्यात आले. त्यावरून श्वास, नाडी, रक्तातील ऑक्सिजन व घोरणे यांची नोंद होत असे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे २६ टक्के व्यक्तींमध्ये किमान सौम्य, तर सुमारे १० टक्के व्यक्तींमध्ये मध्यम वा तीव्र श्वासरोध आढळला. असा विकार असल्याचे डॉक्टरांनी आपणास पूर्वी सांगितले होते, असे सांगणारे मात्र अवघे १·३ टक्के होते. या दोन आकड्यांतील अंतर हाच त्या पाहणीचा सर्वांत बोलका निष्कर्ष म्हणावा लागेल. ज्या समाजात मधुमेह व स्थूलता मुळातच अधिक आहेत, तेथे हा विकार दुर्मिळ असण्याचे काहीच कारण नव्हते; तो शोधला गेला नव्हता, इतकेच.

याच पाहणीतील ४५ ते ७४ वर्षे वयाच्या सुमारे आठ हजार व्यक्तींच्या बोधनिक चाचण्या व श्वासरोध यांचा मेळ २०१५ मध्ये घालण्यात आला. श्वासरोधाची तीव्रता वाढते तसे चाचण्यांतील गुण कमी होतात, असे दिसून आले. हा संबंध स्त्रियांमध्ये अधिक स्पष्ट होता. श्वासरोध हा पुरुषांचा, मोठ्याने घोरणाऱ्यांचा विकार, अशी वैद्यकव्यवसायातही दीर्घकाळ समजूत होती. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांतील त्याचे प्रमाण वाढते आणि त्यांच्या तक्रारी पुष्कळदा थकवा, निद्रानाश, उदासपणा अशा स्वरूपाच्या असतात. त्यामुळे त्यांना झोपेच्या गोळ्या वा खिन्नतेवरील औषधे दिली जातात व मूळ विकार तसाच राहतो.

निद्रानाश व अतिनिद्रा : झोप लवकर न लागणे, ती टिकून न राहणे किंवा पहाटे फार लवकर संपणे व त्यामुळे दिवसाच्या कामात अडथळा येणे, हे आठवड्यातून किमान तीन रात्री व तीन महिन्यांपर्यंत चालू राहिल्यास त्यास चिरकारी (दीर्घकालीन) निद्रानाश म्हणतात. हिस्पॅनिक गटांमध्ये त्याचे प्रमाण एकसारखे नाही. प्वेर्त रीकन लोकांत निद्रानाशाच्या तक्रारी अधिक, तर मेक्सिकन मुळाच्या लोकांत त्या मानाने कमी आढळतात. मनगटावर बांधलेल्या गतिमापकाने २,२५२ व्यक्तींची झोप आठवडाभर मोजणाऱ्या एका जोडपाहणीतही मेक्सिकनांची झोप इतरांपेक्षा दीर्घ व सलग असल्याचे दिसले. या जोडपाहणीला ‘स्वेन्यो’ असे नाव होते. स्पॅनिश भाषेत या एकाच शब्दाने झोप, पेंग व स्वप्न या तिन्ही गोष्टींचा बोध होतो. त्यामुळे रोग्याने तो उच्चारल्यावर त्याला नेमके काय म्हणावयाचे आहे, हे दुभाष्याला विचारून घ्यावे लागते.

झोप कमी होणे जितके काळजीचे, तितकेच ती फार वाढणेही असू शकते, हे या समाजातील अभ्यासांतून वारंवार पुढे आले. उत्तर मॅनहॅटनमधील ९२७ वृद्धांच्या अभ्यासात (२०१३) बहुसंख्य व्यक्ती हिस्पॅनिक होत्या. तेथे नऊ तास वा अधिक झोपणाऱ्यांचे बोधनिक गुण कमी आढळले. कमी झोपणाऱ्यांच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. वर उल्लेखिलेल्या मोठ्या पाहणीतील पाच हजारांहून अधिक व्यक्तींची सुमारे सात वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात दीर्घ झोप व चिरकारी निद्रानाश यांच्याबरोबर स्मरण, कार्यनियोजन व माहिती हाताळण्याचा वेग यांची घट आढळते, असे नमूद केले आहे. दीर्घ झोपेने मेंदू बिघडतो, असा याचा सरळ अर्थ लावणे घाईचे ठरेल. खिन्नता, मधुमेह, मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार व मोडकी झोप भरून काढण्याची शरीराची धडपड या सर्वांचा परिणाम म्हणून माणूस अंथरुणात अधिक वेळ राहतो. बहुतेक प्रसंगी दीर्घ झोप हे कारण नसून सूचक चिन्ह असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मेंदूतील घडामोडी : आलोइस आल्त्सहायमर या जर्मन वैद्याने १९०६ मध्ये वर्णिलेल्या व पुढे त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झालेल्या रोगात तंत्रिका कोशिकांच्या (मज्जापेशींच्या) बाहेर बीटा-ॲमिलॉइड या प्रथिनाचे थर साचतात आणि कोशिकांच्या आत टाउ या प्रथिनाचे गुंते होतात. हे प्रथिन जागेपणी, तंत्रिका कोशिका काम करीत असताना, अधिक प्रमाणात बाहेर पडते व झोपेत त्याचे प्रमाण उतरते, असे २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. रॉचेस्टर येथील प्रयोगशाळेत २०१३ मध्ये झोपलेल्या उंदरांच्या मेंदूतील कोशिकांमधील मोकळी जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्या जागेतून मस्तिष्क-मेरुद्रव (मेंदू व मेरुरज्जू यांभोवतीचा द्रव) वाहून टाकाऊ द्रव्ये धुऊन नेतो, अशी उपपत्ती त्यावरून मांडण्यात आली. झोप म्हणजे मेंदूची रात्रीची झाडलोट, ही कल्पना तेव्हापासून फार लोकप्रिय झाली. तथापि २०२४ मध्ये लंडन येथील संशोधकांना उंदरांतच याच्या उलट परिणाम आढळला. झोपेत व भूल दिली असता हा निचरा मंदावतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मानवाविषयीचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. २०१८ मध्ये वीस निरोगी व्यक्तींना एक रात्र जागे ठेवले असता मेंदूच्या काही भागांत ॲमिलॉइडाची अल्प वाढ प्रतिमांकनात दिसली, एवढे म्हणता येते.

स्मरणाशी असलेला झोपेचा संबंध याहून अधिक दृढ पायावर उभा आहे. दिवसभरात शिकलेली माहिती प्रथम हिपोकँपस या मेंदूच्या आतील भागात साठते. मंदलहर निद्रेत ती बाह्यकाकडे (मेंदूच्या पृष्ठभागाकडे) पोहोचून पक्की होते. वृद्धांत ललाटखंड आकसला की मंद लहरी क्षीण होतात आणि रात्रीतून स्मरण पक्के होण्याची क्रियाही मंदावते. श्वासरोधात याला ऑक्सिजनची वारंवार घट, रक्तदाबातील चढउतार व रक्तवाहिन्यांच्या अस्तराची हानी यांची जोड मिळते. हिस्पॅनिकांमध्ये हाच मार्ग महत्त्वाचा असावा, असे मानण्यास आधार आहे. सॅक्रामेंटो परिसरातील लॅटिनो वृद्धांच्या अभ्यासात (१९९८–२००८) साठ वर्षांवरील १,७८९ व्यक्ती होत्या. त्यांत मधुमेह हे स्मृतिभ्रंशाचे एक ठळक कारण म्हणून पुढे आले.

उलट दिशेचा परिणामही तितकाच खरा आहे. झोप व जाग यांचे नियमन करणारी मेंदूतील केंद्रे आल्त्सहायमर रोगात आरंभीच बाधित होतात. त्यामुळे विस्मरण घरच्यांच्या लक्षात येण्याच्या कित्येक वर्षे आधी झोप बिघडू शकते. अशा वेळी आधी कोण व नंतर कोण, हे ठरविण्यास काही थोड्या वर्षांची पाहणी पुरत नाही. इंग्लंडमधील शासकीय सेवकांच्या सुमारे आठ हजारांच्या समूहाचा २५ वर्षे मागोवा घेतल्यानंतर २०२१ मध्ये असे दिसले, की पन्नाशी व साठीत सहा तास वा कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे ३० टक्क्यांनी अधिक होता. या समूहात मुख्यत्वे श्वेतवर्णीय होते. हिस्पॅनिकांच्या संदर्भात इतक्या दीर्घ मुदतीची पाहणी पूर्ण व्हावयास अवकाश आहे. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची जी यादी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिली, तीत झोपेचा समावेश केलेला नाही. पुरावा पुरेसा सुसंगत नाही, हे त्याचे कारण होय.

मोजमापातील अडचणी : बोधनिक ऱ्हास ठरविण्याच्या बहुतेक चाचण्या इंग्रजी बोलणाऱ्या, शाळा पूर्ण केलेल्या लोकांसाठी तयार झाल्या. १९७५ पासून वापरात असलेल्या एका लघुचाचणीत जग या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगावयाची असतात. स्पॅनिश आवृत्तीत त्या जागी ‘मुंदो’ हा शब्द येतो. स्पॅनिश लेखन उच्चाराप्रमाणे चालते, इंग्रजी चालत नाही. त्यामुळे दोन्ही भाषांत मिळालेला सारखा गुण सारख्याच क्षमतेचा निदर्शक आहे असे धरता येत नाही. ज्या वृद्धाने बालपणी चार-पाच इयत्तांपलीकडे शिक्षण घेतले नाही, त्याला अशा परीक्षेत कमी गुण मिळाले तर तो ऱ्हास नव्हे. ऱ्हास म्हणजे पूर्वीपेक्षा घट. यावर उपाय म्हणून स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत तुल्य शब्दयाद्या असलेल्या स्मरणचाचण्या रचण्यात आल्या. त्या वापरून मोठ्या पाहणीतील ६,३७७ व्यक्तींची तपासणी झाली, तेव्हा सौम्य बोधनिक क्षती (दैनंदिन व्यवहार चालू राहतील इतपत घट) ९·८ टक्के व्यक्तींत आढळली. प्वेर्त रीकनांत हे प्रमाण सर्वाधिक होते.

झोपेविषयीच्या प्रश्नावल्यांतही हीच अडचण येते. त्यांतील एका सुपरिचित प्रश्नावलीत मोटारीत बसले असता किंवा पुस्तक वाचताना पेंग येते काय, असे विचारतात. जो माणूस मोटार चालवीत नाही व क्वचितच वाचतो, त्याचे उत्तर निरुपयोगी ठरते. स्वतः सांगितलेले झोपेचे तास व उपकरणाने मोजलेले तास यांतही पुष्कळ तफावत पडते.

सामाजिक पार्श्वभूमी : कायरायकोस मार्कायडस व जेनीन कोरील यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले, की नैर्ऋत्येकडील राज्यांतील हिस्पॅनिकांचे उत्पन्न व शिक्षण कमी असूनही त्यांचा मृत्युदर श्वेतवर्णीयांच्या जवळपास आहे. पुढे त्यांचे सरासरी आयुर्मान श्वेतवर्णीयांपेक्षाही अधिक असल्याचे आढळले. या विरोधाभासाची दुसरी बाजू अशी, की दीर्घायुष्य मिळालेल्यांतच स्मृतिभ्रंशाच्या वयापर्यंत पोहोचणारे अधिक असतात. आयुष्य वाढले, पण त्या वाढीव वर्षांतील आरोग्य तितके वाढले नाही.

या वृद्धांची झोप ऐन उमेदीच्या काळातच विस्कळित झालेली असते. शेतातील कामासाठी उजाडण्यापूर्वी निघणे, उपाहारगृहे व कार्यालये यांची रात्रीची साफसफाई, मांस कारखान्यांतील पाळ्या आणि एकाच वेळी दोन नोकऱ्या यांत कित्येकांची हयात गेली. दाट वस्तीतील गोंगाट, उन्हाळ्यातील उकाडा व रस्त्यावरील प्रखर उजेड यांची त्यात भर पडते. कागदपत्रांविना राहणाऱ्या वृद्धांना पासष्टीनंतर मिळणारा शासकीय आरोग्यविमाही मिळत नाही. अशांना निद्राप्रयोगशाळेतील तपासणीचा खर्च परवडणे अशक्यप्राय असते.

उपचार : श्वासरोधावरील प्रमुख उपाय म्हणजे नाकावर बसविलेल्या मुखवट्यातून धन दाबाने सतत हवा सोडून श्वासमार्ग उघडा ठेवणे. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी तो १९८१ मध्ये प्रथम वापरला. दिवसाची पेंग त्याने निश्चित कमी होते, रक्तदाबही काहीसा उतरतो. स्मरण व कार्यनियोजन यांवरील परिणाम चिकित्सालयीन चाचण्यांत माफक आढळला आहे. दीर्घकाळ वापराने स्मृतिभ्रंश टळतो, हे सिद्ध झालेले नाही. उपकरण रात्रीतून किमान चार तास लावले तरच ते लावले असे मानतात. त्याचा उपयोग, मुखवटा स्वच्छ करण्याची रीत व आरंभीची घुसमट यांविषयी रोग्याच्या भाषेत कोणी समजावून न सांगितल्यास ते लवकरच कपाटात जाते. वजन कमी करणे, रात्री मद्य टाळणे व कुशीवर झोपणे यांचाही सौम्य विकारात उपयोग होतो.

निद्रानाशावर औषधांऐवजी बोधनिक-वर्तनोपचार प्रथम द्यावा, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या प्रमुख संघटनेने २०१६ मध्ये केली. अंथरुणावरील वेळ मर्यादित करणे, उठण्याची वेळ ठरलेली ठेवणे, झोप न आल्यास अंथरूण सोडणे व झोपेविषयीची धास्ती दूर करणे हे त्याचे मुख्य भाग होत. स्पॅनिश बोलणारे उपचारक मात्र मोजकेच आहेत. परिणामी वृद्ध व्यक्ती औषधांच्या दुकानातून चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या गोळ्या घेते. त्यांतील डायफेनहायड्रामीन हे द्रव्य स्मरणासाठी आवश्यक असलेल्या ॲसिटिलकोलीन या रसायनाला विरोध करते व वृद्धांत संभ्रम निर्माण करू शकते. ते आणि बेंझोडायाझेपीन वर्गातील औषधे वृद्धांना शक्यतो देऊ नयेत, असे १९९१ मध्ये मार्क बीअर्स यांनी सुरू केलेल्या व वेळोवेळी सुधारल्या जाणाऱ्या यादीत सांगितले आहे. विसरण्याची तक्रार घेऊन आलेल्या वृद्धाची औषधांची पिशवी तपासणे ही म्हणूनच निदानाची पहिली पायरी ठरते. काही वेळा एवढ्यानेच तक्रार कमी होते.

कुटुंबाची भूमिका : हिस्पॅनिक समाजात वृद्धांना शुश्रूषागृहात ठेवण्यापेक्षा घरीच सांभाळण्याकडे कल असतो व ही जबाबदारी बहुधा मुलीवर किंवा सुनेवर पडते. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती सांजवेळी अस्वस्थ होते, रात्री उठून घरभर फिरते, बाहेर जाण्यासाठी दार उघडू पाहते. तिच्यामागे जागणाऱ्या स्त्रीची झोप वर्षानुवर्षे मोडते आणि सकाळी तिला कामावर जावयाचे असते. दिवसा भरपूर उजेड व हालचाल, दुपारच्या झोपेला मर्यादा आणि रात्री खोलीत मंद दिवा अशा साध्या उपायांनी दोघींनाही थोडा आराम मिळतो. निदानासाठीही कुटुंब उपयोगी पडते, कारण झोपेत श्वास थांबल्याचे फक्त शेजारी झोपणाऱ्यालाच दिसते. वैधव्य आलेल्या व एकट्या झोपणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत असा साक्षीदार नसतो. त्यांच्यासाठी घरी देता येणारी श्वासमापक उपकरणे विशेष उपयुक्त ठरली असून त्यांचा वापर एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून वाढत गेला आहे.